चौसष्ट प्रश्न घेऊन फ्रेडरिक्टनला

कॅनडाला जाऊन घर बघून यायचं हे नक्की झालं, तेव्हा शहाण्या माणसाने आधी तिकिटं बघितली असती. मी एक्सेलची फाईल उघडली.

आधी माझी ओळख करून देते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वाटणारच आहे, पण निदान वेडाचं मूळ कळेल. मी सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. सकाळी सव्वासहाला बुकित बातोकच्या स्टॉपवरून कंपनीची बस, चेकपॉइंटला पास, आणि मग दिवसभर लोकांना 'नाही' म्हणणं. वेल्डिंग करायचंय? आधी गॅस तपासा. टाकीत उतरायचंय? आधी कागद पूर्ण करा. शंका उरली असेल तर परवानगी द्यायची नाही, एवढाच नियम. या नोकरीत 'नाही' म्हटल्याबद्दल मला आजवर कुणी बोललेलं नाही. 'हो' म्हणणाऱ्यांच्या चौकशा मात्र मी डोळ्यांनी पाहिल्यात. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस घरात भजी तळतानाही पोरीला दोन मीटर लांब उभं करतो.

कॅनडाचं खूळ माझंच. इथे नऊ वर्षं आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. नोकरीच्या पासवर, म्हणजे कामापुरत्या व्हिसावर, असल्यामुळे सरकारी फ्लॅट विकत घेता येत नाही, आणि खासगी कॉन्डो घ्यायचा तर किमतीच्या वर साठ टक्के स्टँप ड्यूटी. तो आकडा ऐकून निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हातातला चहा खाली ठेवला होता. मग मीच कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज भरला, निखिलला इंग्रजीची परीक्षा दोनदा द्यायला लावली आणि इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला कॅनडावर एवढी बोलले, की मला येताना पाहून लोक पुलावाच्या भांड्याकडे सरकायचे.

पीआर मिळालं. टोरोंटोला चार दिवस जाऊन शिक्का मारून आलो, त्याला आता अडीच वर्षं झाली. पाच वर्षांतली दोन वर्षं प्रत्यक्ष तिथे राहावं लागतं, नाहीतर ते जातं. म्हणजे हातात सहा महिने. त्यात फ्रेडरिक्टन नावाच्या गावातल्या एका कंपनीने निखिलला नोकरी देऊ केली आणि मार्चअखेरपर्यंत उत्तर मागितलं. गाव कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यू ब्रन्सविक प्रांताची राजधानी, पण वस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. निखिलचा मावसभाऊ सुहासदादा तिथे बारा वर्षं राहतोय. त्याचं म्हणणं, "या, राहा, घर बघा, आवडलं तर घेऊनच टाका." मार्चमध्ये ईराला, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला, शाळेची आठवड्याची सुट्टी असते. त्यात चार दिवस रजा जोडली.

आणि मी फाईलमध्ये चौसष्ट प्रश्न लिहिले. छप्पर किती जुनं, तळघरात ओल आहे का, मुख्य वॉल्व्ह कुठे, आग लागली तर बाहेर पडायचे मार्ग किती. प्रिंट काढून क्लिपबोर्डला लावले. ईराने ते बघितलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममी, इट्स जस्ट अ हाउस लाह."

प्रवास

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सिंगापूरहून व्हँकुव्हर, तिथून टोरोंटो, तिथून फ्रेडरिक्टन. दारातून दारापर्यंत तीस तास. तिघांची तिकिटं साधारण साडेसात हजार सिंगापूर डॉलरला पडली. स्वस्तात हवी असतील तर आणखी एक विमान बदला आणि त्यासोबत घटस्फोटाचे कागदही ठेवा.

माधवीवहिनींनी, म्हणजे सुहासदादाच्या बायकोने, फोनवर कोकम मागितलं होतं. लिटल इंडियातून दोन किलो घेतलं. आता परदेशात खाण्याचे पदार्थ न्यायचे म्हणजे जाहीर करायला हवेत. व्हँकुव्हरला कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, "काही खाण्याचं?" मी त्याच्या हातात टाइप केलेली यादी ठेवली. चौदा पदार्थ, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकासमोर 'वनस्पतिजन्य, वाळवलेले' अशी नोंद. त्याने ती पूर्ण वाचली, मग शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावून तिलाही वाचायला दिली. ती म्हणाली, "आम्हाला अशी यादी कुणी देत नाही." मी खूश झाले. निखिल मागे वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

फ्रेडरिक्टनचा विमानतळ आमच्या बुकित बातोकच्या मॉलपेक्षा लहान आहे. सामानाचा एकच पट्टा, आणि त्याच्या शेजारी सुहासदादा हात हलवत उभा. बाहेर उणे आठ. मी मोजून घेतलेले सगळे कपडे घातले होते, तरी दार उघडल्यावर तोंडून जो शब्द निघाला तो ब्लॉगवर लिहिता येणार नाही.

"हे काहीच नाही," दादा म्हणाला. "आता उन्हाळा लागला आमच्याकडे."

गाव

पहिल्या दिवशी नुसतं गाव बघितलं. मधून रुंद नदी जाते, ती अर्धी गोठलेली. एक जुना रेल्वेचा पूल आता पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलाय. त्यावरून नक्की चाला, पण कानटोपी घालून. रस्त्याच्या पाट्या इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. कडेला बर्फाचे ढीग माझ्या खांद्याएवढे, वरून काळे पडलेले, मार्चमध्ये हे गाव काही फोटोत दिसतं तसं नसतं. गाडी भाड्याने घ्यावीच लागते, दिवसाला साधारण ऐंशी डॉलर, आणि हिवाळी टायर आहेत ना हे विचारून घ्या. गाडी उजव्या बाजूने चालवायची. निखिल पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाआधी वायपर चालू करत होता, कारण इंडिकेटरची दांडी दुसऱ्या हाताला.

शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे सगळ्यात लांब रांग कशाची असेल? समोशांची. गोरी माणसं, टोप्या, कुत्री, सगळी समोशांसाठी शांतपणे उभी. आम्हीही उभे राहिलो. बसायला जागा मिळेना, तेवढ्यात एक टेबल रिकामं झालं आणि मी धावत जाऊन त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, सिंगापूरच्या फूड कोर्टात ठेवतो तसं. पाकीट ठेवलं की टेबल तुमचं, हा तिथला अलिखित कायदा. रांगेतून परत आले तर टेबलावर एक आजी बसलेल्या, आणि त्यांनी माझं पाकीट हातात धरून ठेवलेलं. "डिअर, तू हे विसरलीस," म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. समोसे उभ्यानेच खाल्ले. चांगले होते.

दादाकडे गप्पा निघाल्या. या गावात मराठी घरं सात. "तुम्ही आलात तर आठ," वहिनी म्हणाल्या, आणि ते अशा काही सुरात, जणू गणपतीच्या आरतीला एक टाळ कमी पडतोय. मग त्यांनी कोकम घातलेली आमटी वाढली, स्वतः एक घास खाल्ला आणि हातातला डाव तसाच धरून बसल्या.

"काय हो वहिनी?" मी विचारलं.

"काही नाही गं. आईकडची चव लागली." त्यांनी डोळे पुसले आणि मला आणखी भात वाढला.

मला एकदम तिथून उठून जावंसं वाटलं. जेट लॅग असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

घरं

आमची एजंट शेरिल, पन्नाशीची, हसरी, गाडीत कुत्र्याचे केस. पहिल्या घरात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "बघा, मागचं अंगण दक्षिणेला! दिवसभर ऊन!"

आता, सिंगापूरमध्ये घर बघताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो दुपारच्या उन्हाचा. पश्चिमेचं ऊन येतं? मग नको, भिंती तापतात, एसी चोवीस तास. त्यात आईने फोनवर बजावलेलं, दक्षिणेला दार नको. मी क्लिपबोर्डवर लिहिलं: 'ऊन जास्त. दक्षिण. नापास.' शेरिलने ते वाकून बघितलं. भाषा तिला कळली नाही, पण फुली कळली. "ऊन नको?" तिने निखिलला हळूच विचारलं. बाहेर उणे सहा होतं. निखिल म्हणाला, "ती सावध आहे."

दुसऱ्या घराची दारं-खिडक्या सगळी उत्तरेला, मला दिशा आवडली. आत भर दुपारी दिवे लावावे लागले आणि भिंतीला हात लावला तर फ्रिजला लावल्यासारखा. ईरा कोट न काढताच फिरून आली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या गावात सूर्य हा शत्रू नाही. यादीतला तो प्रश्न मी खोडला. उरले त्रेसष्ट.

तीन दिवसांत सात घरं बघितली. एकात तळघराच्या पायऱ्या चढउताराला धोक्याच्या. एकात तेलाची टाकी जुनी. एकात धुराच्या गजराची तारीख उलटून गेलेली. मी तिथल्या तिथे बटण दाबून तपासला, तो वाजला, वरच्या खोलीतलं बाळ उठलं, आणि आम्ही निघालो. आणि प्रत्येक घरात माझा एकच हट्ट, छप्पर बघायचं. छपरावर दोन फूट बर्फ.

"छप्पर मे महिन्यात दिसेल," शेरिल म्हणाली.

"आणि अंगण?"

"तेही मे महिन्यात."

"मग लोक हिवाळ्यात घर घेतातच कसं?"

"घेतात," ती म्हणाली. तिला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

संध्याकाळी दादा चेष्टा करायला लागला. "मुग्धा, नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. तू तर अंगण दिसत नाही म्हणून नाचत नाहीस." सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

किमतींचं सांगायचं तर, सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटच्या पैशात तिथे तीन बेडरूमचं आख्खं घर, तळघर आणि गॅरेजसकट येतं. पण त्यावर दरवर्षी मालमत्ता कर, हिवाळ्याचं गरम करण्याचं बिल, बर्फ उपसणं. दुकानातल्या किमतीवर काउंटरला पंधरा टक्के कर वेगळा लागतो, मी प्रत्येक वेळी सुट्टे मोजून ठेवायचे आणि प्रत्येक वेळी कमी पडायचे.

वॉल्टरचं घर

आठवं घर नदीपासून चढावर होतं. मालक वॉल्टर, ब्याऐंशी वर्षांचे, एकटे. खरं तर घर दाखवताना मालकाने बाहेर जायचं असतं, पण त्यांचा गुडघा दुखत होता आणि बाहेर निसरडं, म्हणून ते स्वयंपाकघरात बसून राहिले. आम्ही बूट काढले ते बघून खूश झाले.

मी कामाला लागले. दीड तास. तळघर, वायरिंग, खिडक्यांच्या फटी. तळघरात कोपऱ्यात पाणी उपसायचा पंप होता, तो मी बादलीभर पाणी ओतून चालवून बघितला. शेरिल तोवर गाडीत जाऊन फोनवर बोलून आली होती. वर आले तेव्हा माझ्या कागदावर एकेचाळीस दोष होते, आणि मी ते वॉल्टरना दाखवावेत की नाही या विचारात होते.

तेवढ्यात त्यांनीच ड्रॉवरमधून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही शोधताय ते यात असेल," म्हणाले.

वहीत घराच्या खोड्या लिहिलेल्या होत्या. त्यांनी घर घेतलं तेव्हापासून, अडतीस वर्षांच्या. एकूण अठ्ठावन्न. कुठली खिडकी जानेवारीत चिकटते, कुठला नळ डावीकडे ओढून बंद करायचा, कुठल्या वर्षी तळघरात पाणी आलं आणि कुठवर आलं, पेन्सिलने रेघ मारून. मला न सापडलेल्या कितीतरी. एक नोंद अशी होती: 'जिन्याची तिसरी पायरी. उशिरा घरी आलात तर तिच्यावर पाय देऊ नका, मार्गारेट उठते.'

"मार्गारेट?" ईराने विचारलं.

"माझी बायको. आता नाही," वॉल्टर म्हणाले. "पण मी अजून चौथीवरच पाय देतो."

अठरा वर्षांत मी पाहिलेला प्रत्येक माणूस दोष लपवत होता. इथे एक म्हातारा मला सगळे दोष देऊन टाकत होता, आणि माझ्या हातातला क्लिपबोर्ड मला उगाचच जड वाटायला लागला. निखिल खिडकीशी उभा होता. तिथून नदी दिसत होती. ईराने वरच्या मजल्यावरची उतरत्या छपराची खोली स्वतःसाठी ठरवूनही टाकली होती आणि खाली ओरडून सांगत होती, "पप्पा, आय वाँट धिस वन! कन्फर्म!"

गाडीत बसल्यावर निखिल म्हणाला, "मुग्धा, हेच."

शेरिलने सांगितलं, संध्याकाळी आणखी एक जोडपं बघायला येतंय. आजच ऑफर द्या, घराची तपासणी नंतर अटीत घालता येईल. म्हणजे ऑफर दिली तरी मागे येता येत होतं. हे सगळं मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "फक्त एक प्रश्न राहिलाय."

बर्फ वितळल्यावर अंगणातलं पाणी कुठल्या बाजूला वाहतं. उतार घराकडे असेल तर तळघराला धोका. आणि उतार बर्फाखाली. परत आत जाऊन वॉल्टरना विचारलं तर ते म्हणाले, नीट आठवून, कागदावर काढून सांगतो, उद्या सकाळपर्यंत वेळ द्या.

"मग उद्या सकाळी ऑफर देऊ," मी म्हणाले.

निखिलने माझ्याकडे बघितलं. "मुग्धा, तपासणीची अट आहे ना त्यात."

"उतार कळल्याशिवाय नाही," मी म्हणाले. आवाज अगदी प्लांटवरचा होता.

घर त्याच संध्याकाळी गेलं. दुसऱ्या जोडप्याने म्हणे वीस मिनिटं बघितलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेरिलने मला एक पाकीट आणून दिलं. वॉल्टरनी उताराचा नकाशा काढून पाठवला होता. पट्टीने रेघा, बाण, झाडं, गटार, खाली सही. पाणी घरापासून दूर, रस्त्याच्या दिशेला वाहत होतं. घर विकलं गेलेलं असूनही त्यांनी तो पूर्ण केला होता, कारण मी विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, 'प्रश्न चांगला होता.'

मी वहिनींच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. घरासाठी रडतेय असं तेव्हा वाटलं.

परत

उरलेल्या दोन दिवसांत तीन घरं बघितली, त्यांचं वर्णन करत नाही. निखिलने माझ्याशी भांडण केलं नाही. तो वाईट वागला असता तर मला सोपं गेलं असतं. व्हँकुव्हरला पाच तासांचा थांबा होता. ईरा खुर्चीवर झोपली होती, मी क्लिपबोर्डवरचे कागद नीट लावत होते, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तू घर बघतच नव्हतीस. न घ्यायचं कारण बघत होतीस."

मी भडकले. इतकी वर्षं मी कॅनडा कॅनडा केलं, अर्ज मी भरला, कागद मी जमवले, आणि मलाच हे? मी इतकी बोलले की समोरच्या रांगेतले पंजाबी काका उठून लांब जाऊन बसले. निखिल म्हणाला, "बरं." मग सोळा तास आम्ही एकाच घोंगडीखाली, एकमेकांशी न बोलता बसलो. त्या विमानाचं जेवण कसं होतं म्हणाल तर मला आठवत नाही.

चांगी विमानतळावरून टॅक्सीने बुकित बातोक. दार उघडलं तर आपल्याच घराचा तो ओळखीचा दमट वास. दुसऱ्या दिवशी मी झोपलेली असताना ईराने माझा क्लिपबोर्ड घेतला आणि प्रश्नांची कोरी उरलेली एक प्रत आमच्या फ्लॅटसाठी भरून ठेवली. बाहेर पडायचा मार्ग एकच. न्हाणीघराच्या छताला ओल. बाल्कनीच्या जाळीचा स्क्रू ढिला, तो मी दोन वर्षं रोज बघतेय. चौसष्टपैकी आम्ही एकोणतीस प्रश्नांत नापास. "ममी, हाउ कम धिस वन कॅन, बट दॅट वन कॅनॉट?" तिने विचारलं. मी उठून त्या जाळीचा स्क्रू आवळायला गेले.

रविवारी संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. ईराने सायकल भाड्याने घेतली आणि पुढे निघून गेली. समुद्रात जहाजं उभी होती. आम्ही बाकावर बसलो, आणि मीच सुरुवात केली.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "त्या गावात प्लांट नाही. तुला नोकरी आहे, मला नाही. मी तिथे कोण असेन? आठव्या मराठी घरातली बाई. कुणी सिंगापूरहून आलं की कोकम मागेन आणि आमटी खाऊन रडेन." एवढं साधं वाक्य बोलायला मला चौसष्ट प्रश्न, अकरा घरं आणि साडेसात हजार डॉलर लागले.

निखिलने चपला काढून पाय वाळूत खुपसले. मग म्हणाला, "मला माहितेय ती भीती. मी वर्षभर तिच्यातच आहे."

त्याच्या कंपनीत गेलं वर्षभर माणसं कमी करताहेत. त्याच्या टीमचे अकराचे चार उरलेत. मला त्याने यातलं निम्मं सांगितलं होतं, तेही हसत. नोकरी गेली की पास गेला. मग माझ्या पासवर तो राहू शकेल, पण काम करू शकणार नाही. "पंचेचाळिसाव्या वर्षी तुझ्या पासवर पाहुणा," तो म्हणाला. "तू सकाळी बस पकडायची म्हणून लवकर झोपतेस. मी पहाटेपर्यंत जागाच असतो, मुग्धा. तुझ्या हट्टासाठी कॅनडाला जातोय असं तुला वाटत होतं ना? मला जायचं होतं. कुणी पास रिन्यू करणार नाही अशा जागी."

दुसऱ्याच्या प्लांटमधला ढिला बोल्ट मला वीस फुटांवरून दिसतो. शेजारी झोपणारा माणूस वर्षभर झोपत नाहीये हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

"तिथे गेल्यावर मी घरी बसले आणि वेडी झाले तर?" मी विचारलं.

"होशील कदाचित. मी इथे झालोच असतो." मग म्हणाला, "तुला नको असेल तर नाही जायचं. पण मग तसं सांग. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगणाला नावं ठेवू नकोस."

मी हसले आणि हसता हसता डोळे भरले. तेवढ्यात ईरा सायकल घेऊन आली आणि आम्हाला बघून म्हणाली, "अय्यो, व्हाय क्राय?" निखिल म्हणाला, "फ्रेडरिक्टनला जातोय म्हणून." मी 'नाही' म्हणाले नाही.

तर मंडळी, घर मिळालेलं नाही. पण निखिलने तिथल्या नोकरीला होकार कळवलाय, जूनमध्ये जातोय. तिकडे घर शोधणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच: तपासणी जरूर करा, ती तिथल्या तज्ज्ञाकडून करून घ्या, त्याचे पाचसहाशे डॉलर लागतात, आणि निघायच्या आधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, कुणाला कशाची भीती वाटतेय. ते फुकट असतं.

मी राजीनामा दिला तेव्हा माझे साहेब, लिम, म्हणाले, "वाह, सो फास्ट. हाउस गॉट ऑलरेडी?"

"नो."

"जॉब?"

"नो."

"देन हाउ?"

"डोन्ट नो," मी म्हणाले. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी आजारी आहे की काय.

पहिले दोन महिने सुहासदादाकडे, पुढचं पुढे. राजीनामा दिल्यापासून रात्री तीनच्या सुमाराला मला आपोआप जाग येते. छप्पर, नोकरी, ईराची शाळा, सगळं डोक्यात फिरायला लागतं. शेजारी निखिल घोरत असतो. हा माणूस इतक्या मोठ्याने घोरतो हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कानात बोळे घालून बघितले, उपयोग नाही. पण मी त्याला हलवत नाही.